नामरक्षक आणि ग्रंथचोर : ऐतिहासिक अद्भुतकथेतील एक नैतिक प्रश्न

इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात, दुसऱ्या राम्सेसच्या कारकिर्दीत, त्याचा पुत्र खाएमवासेत हा मेम्फिस येथील प्ताह या देवाचा महापुरोहित होता. सक्काराच्या पठारावरील पडझड झालेल्या जुन्या स्मारकांची दुरुस्ती त्याने करविली. पाचव्या राजवंशातील उनास या राजाचे नाव त्याच्या पिरॅमिडावर आढळत नव्हते, म्हणून ते पुन्हा कोरविले, असे सांगणारा त्याचा लेख त्या पिरॅमिडाच्या दक्षिण अंगावर आहे. उनास आणि खाएमवासेत यांच्यामध्ये सुमारे अकराशे वर्षांचे अंतर होते. ज्या संस्कृतीत नाव हा व्यक्तीच्या अस्तित्वाचाच एक घटक मानला जाई आणि नाव उच्चारले जाणे हे मृताच्या जगण्याचे साधन समजले जाई, तिच्यात ही कृती केवळ पुरातत्त्वप्रेमाची नव्हती. ती परोपकाराची होती.

हाच खाएमवासेत रिक रायर्डन यांच्या ‘द केन क्रॉनिकल्स’ या कादंबरीत्रयीच्या तिसऱ्या भागात, ‘द सर्पंट्स शॅडो’मध्ये (2012), ‘सेत्ने’ या नावाने अवतरतो. येथे तो एक धूर्त, वाचाळ आणि विश्वासघातकी जादूगाराचे भूत आहे. ओसायरिसच्या न्यायसभेत तो आरोपी म्हणून उभा असतो. थोथचा ग्रंथ हस्तगत करण्यासाठी तो कथेतील तरुण नायकांना फसवितो. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या त्रयीतील हे बहुधा सर्वांत रंजक पात्र असावे, आणि प्रश्न याच रंजकतेतून उद्भवतो. एका नामरक्षकाचे नाव खलपात्राला देणे हा त्या मृत व्यक्तीवरील अन्याय मानता येईल काय?

मृताला हानी पोहोचू शकते की नाही, हा वाद जुना आहे. मृत्यूनंतर भोगणारा कोणी उरतच नाही, असे एपिक्युरसप्रणीत मताने म्हणता येते. ॲरिस्टॉटलने मात्र वंशजांच्या सुखदुःखाचा मृताशी काही संबंध पोहोचतो काय, हा प्रश्न निदान खुला ठेवला होता. परंतु प्रस्तुत प्रकरणात कसोटी बाहेरून आणण्याचे कारण नाही. ईजिप्शियन परंपरेनेच ती पुरविली आहे. तिसऱ्या राम्सेसविरुद्धच्या कटाच्या खटल्याची नोंद असलेल्या तुरिन येथील पपायरसात काही आरोपींची नावे मुद्दाम विकृत करून लिहिली आहेत. एकाच्या नावाचा अर्थ तर ‘रा त्याचा द्वेष करतो’ असा होतो. नाव पुसणे ही एक शिक्षा, तर ते ठेवून त्याचा अर्थ उलटविणे ही दुसरी. खाएमवासेतच्या वाट्याला, कोणताही खटला न होता, हिच्यासारखेच काही आले आहे.

यावर तत्काळ उत्तर येईल की, ही उलथापालथ रायर्डन यांनी आरंभिलेली नाही. ते खरे आहे. ‘सेत्ने’ हे त्याच्या पुरोहितपदाच्या उपाधीचेच उत्तरकालीन रूप. त्याच्या मृत्यूनंतर हजारएक वर्षांनी, टॉलेमींच्या काळात, डेमॉटिक लिपीत लिहिल्या गेलेल्या कथेत तो थडग्यातून थोथचा ग्रंथ पळविणारा झालाच होता. म्हणजे इतिहासाशी विसंगती हा आक्षेप टिकत नाही, आणि तो घेणाऱ्यांनी ही कथा वाचलेली नसते, असेच बहुधा दिसते.

पण ती कथा नीट वाचली पाहिजे. नानेफरकाप्ताहच्या थडग्यात शिरलेल्या सेत्नेला प्रथम भेटते ती त्याच्या पत्नीची, इहवेतची, छाया. या ग्रंथापायी आपला मुलगा, आपण आणि शेवटी पती असे तिघेही कसे मृत्युमुखी पडलो, ही कहाणी ती स्वतःच्या तोंडाने सविस्तर सांगते. ज्याच्यावर अन्याय व्हावयाचा आहे त्याचे म्हणणे चोराला आधी ऐकावे लागते! सेत्ने तरीही ग्रंथ नेतो. पुढे ताबूबू नावाच्या स्त्रीच्या मोहात तो आपली मालमत्ता लिहून देतो, स्वतःच्या मुलांच्या हत्येलाही संमती देतो, आणि मग विवस्त्र अवस्थेत भानावर येतो. तो सारा भास होता. मुले जिवंत असतात. ज्याने दुसऱ्याच्या मृत मुलाची कहाणी ऐकूनही हात आखडला नाही, त्याला स्वतःची मुले गमावल्याचा अनुभव घ्यावा लागतो. शिक्षेची इतकी नेमकी योजना आधुनिक कादंबरीतही क्वचितच आढळते.

कादंबरीतील सेत्नेच्या वाट्याला असा भास येत नाही. तो पकडला जातो, निसटतो, पुन्हा परततो. त्याचे दुष्टपण हे त्याचे कर्म राहत नाही, तो त्याचा स्वभावधर्म बनतो. येथे दोन संहितांमधील खरा भेद आहे. डेमॉटिक कथाकाराने खाएमवासेतला अपराधी केले, परंतु उत्तरदायी माणूस म्हणून त्याचे स्थान काढून घेतले नाही. रायर्डन यांनी त्याला विनोदबुद्धी दिली, भरपूर संवाद दिले, मात्र पश्चात्तापाची शक्यता दिली नाही. मराठी वाचकाला परिचित असलेला प्रकार याच्या नेमका उलट आहे. ‘मृत्युंजय’सारख्या कादंबरीत (1967) परंपरेने दोषी ठरविलेल्या पात्राची बाजू मांडली जाते, आणि तेथे आक्षेप येतो तो अतिरिक्त समर्थनाचा.

बालकिशोर साहित्याला खलपात्रे लागतात, ती सरळ रेषेत असावी लागतात, हा युक्तिवाद अगदीच गैरलागू नाही. एखादे काल्पनिक नाव योजले असते तर तो पुरेसाही ठरला असता. परंतु ऐतिहासिक अद्भुतकथा आपले वजन खऱ्या नावाकडून उसने घेते. पात्र राम्सेसचा पुत्र आहे, या जाणिवेनेच ते भूत वाचकाला भारदस्त वाटते. चौदा वर्षांच्या वाचकाच्या बाबतीत तर ही त्या नावाशी पहिली आणि कदाचित शेवटची भेट असते. उसनवारीची परतफेड कोणत्या स्वरूपात व्हावी, याचे उत्तर इतिहासातील तपशिलांच्या अचूकतेत शोधण्यापेक्षा त्या जुन्या कथेच्या अखेरच्या भागात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

तेथे सेत्ने डोक्यावर निखाऱ्यांचे पात्र आणि हातात दुबेळक्याची काठी घेऊन ग्रंथ परत करावयास जातो. पण तेवढ्याने नानेफरकाप्ताहचे समाधान होत नाही. त्याची पत्नी आणि मुलगा दूर कोप्तोसला पुरलेले आहेत, त्यांना मेम्फिसला आणावे, असे तो सांगतो. सेत्ने नदीमार्गे कोप्तोसला जातो, दफनभूमीत त्यांचे थडगे शोधतो आणि ते सापडत नाही. अखेर एका वृद्धाच्या सांगण्यावरून एका घराच्या कोपऱ्याखाली खणले जाते, आणि त्या दोघांचे देह मेम्फिसला आणून नानेफरकाप्ताहच्या शेजारी ठेवले जातात.