झिजलेली निळाई

जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकीची झिजलेली निळाई पुन्हा चढवली म्हणजे बंदूक मूळपदाला येते, हे मला पटत नाही. ती निळाई मुळात गंजच असते: नळीवर मुद्दाम तांबडा गंज आणायचा, पाण्यात उकळून काळा करायचा, घासायचा, पुन्हा तेच. कारागिराने काळाला हाकलले नव्हते, वळण लावले होते. नव्या निळाईआधी पॉलिश होते आणि नक्षी, चाचणीचे शिक्के बोथट होतात. ‘मिलिंदपञ्हा’ या बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेन रथाला सुट्या भागांपलीकडे सार नाही म्हणतो; मग झिजेचा मोह कशाला, असा आक्षेप येईल. पण सारच नसेल, तर वस्तूपाशी उरतो तो तिचा अखंड प्रवास, आणि पॉलिश नेमका तोच पुसते. बंदूक गंजू मात्र देऊ नये. तेलाने नवा गंज थांबवावा, दस्त्याला जवसाचे तेल चोळावे. निळाईसाठी गरम कॉस्टिकच्या द्रावणात तर दुनळी बुडवूच नका, नळ्यांचा कथलाचा सांधा त्यात खराब होतो.