प्रौढशिक्षकाची पूर्वतयारी

मुलाला शाळेत आणून बसविण्याचे काम कायदा करू शकतो. प्रौढ स्त्रीपुरुष मात्र दिवसभराची मजुरी, चूल आणि गुरेढोरे उरकून रात्री वर्गात येतात ते केवळ स्वेच्छेने, आणि चारचौघांत आपली अप्रतिष्ठा होत आहे असे ज्या क्षणी त्यांना वाटते, त्या क्षणी ते कारणही न सांगता येणे बंद करतात. प्रौढांना शिकविणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा विचार माझ्या मते येथूनच सुरू झाला पाहिजे. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. त्यानंतर साताऱ्यातून निघालेली ग्रामशिक्षण मोहीम, २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम, १९८८ चे राष्ट्रीय साक्षरता अभियान असे उद्योग एकामागून एक झाले. या सर्वांमागील सद्भाव मला निःसंशय मान्य आहे. परंतु साक्षरवाचन कसे घ्यावे, हजेरीपट कसा भरावा आणि मुदतीत किती पाठ संपवावेत, हे शिकविण्याकडेच आपल्या प्रशिक्षण-शिबिरांचा ओढा राहिला. समोरच्या माणसाला नेमके काय अडते आहे हे ओळखण्याची विद्या त्यांत अभावानेच दिली गेली.

ही विद्या मुलांच्या शिक्षकापेक्षा प्रौढांच्या शिक्षकाला अधिक लागते, याचे कारण असे की मुलाचे वैगुण्य लवकर उघडे पडते, तर प्रौढाने आपले वैगुण्य वर्षानुवर्षे कौशल्याने झाकलेले असते. पंचेचाळिशीची एखादी बाई पहिल्या आठवड्यात उत्साहाने पाटी घेते, दुसऱ्या आठवड्यात ‘भ’ला ‘म’ आणि ‘ध’ला ‘घ’ म्हणू लागते, आणि तिसऱ्यात “आता या वयात काय डोक्यात शिरणार, बाई” असे म्हणून घरी राहते. चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील भिंगाची लवचिकता उणावते आणि जवळचे अक्षर अंधुक होते, ही शरीरधर्माची साधी गोष्ट. परंतु जिने उभ्या आयुष्यात बारीक अक्षर कधी न्याहाळलेच नाही, तिला आपली दृष्टी अधू झाली आहे हे कळणार तरी कसे? ती दोष देते आपल्या बुद्धीला, आणि ज्याला कोणी सावध केलेले नाही असा शिक्षकही तिच्या या निवाड्यावर मुकाट्याने शिक्कामोर्तब करतो. जिला केवळ चष्म्याची गरज होती, ती अशा रीतीने मतिमंद ठरते. हा अन्याय किती सहज घडतो, याचा विचार मनात आला की मी अस्वस्थ होतो.

ज्याला कमी ऐकू येते तो मान डोलावतो आणि शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवून घेतो; दिव्याकडे पाठ करून बोलणाऱ्या शिक्षकाचे ओठ त्याला दिसत नाहीत, तेव्हा नुसती उभे राहण्याची जागा बदलली तरी त्याचे अर्धे काम होते. खुरपे धरून ज्यांची बोटे आखडली आहेत त्यांना पेन्सिलीपेक्षा जुन्या पंतोजींची धूळपाटी अधिक सोयीची, कारण धुळीत बोट फिरविण्याला पकड लागत नाही. ज्याला अक्षरांचा क्रमच मनात धरता येत नाही, पण जो बाजाराचा हिशेब तोंडी चोख करतो, त्याची अडचण आणखी निराळी. त्याच्यासाठी घाई ही सर्वांत घातक. आणि मेळघाटातील कोरकू माणसापुढे मराठी प्रवेशिका ठेवताना तिची भाषा त्याच्या घरच्या भाषेहून सर्वस्वी भिन्न कुळातील आहे, याचे भान शिक्षकाला नसेल, तर शिकणाऱ्याच्या मौनाला तो आळस समजेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य केली असून त्याच्या अठराव्या कलमात, प्रौढशिक्षणात अशा व्यक्तींचा इतरांच्या बरोबरीने सहभाग राहील याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तरतूद उत्तम आहे. पण तिचा अंमल अखेरीस ज्याच्या हातून व्हावयाचा, तो गावातला एखादा स्वयंसेवक असतो. त्याने नेत्रवैद्य किंवा मानसतज्ज्ञ व्हावे अशी अपेक्षा कोणी करू नये. एवढ्या सगळ्याचे ओझे स्वयंसेवकावर टाकाल तर तोही पळून जाईल, असा आक्षेप अनुभवी कार्यकर्ते घेतात, आणि तो खोटा नाही. म्हणूनच माझी तजवीज माफक आहे. पहिले काही दिवस प्रवेशिका मिटून ठेवावी. नवख्या शिक्षकाने जाणत्या शिक्षकाच्या वर्गात मागे बसून कोण डोळे बारीक करतो, कोण कान पुढे करतो, कोण विचारण्याआधीच हसून विषय टाळतो, एवढेच टिपावे. तालुक्याच्या रुग्णालयात कोणाला, कोणत्या दिवशी न्यावयाचे याची माहिती त्याच्या हाती असावी. आणि प्रशिक्षण एका शिबिरात आटोपते न घेता महिन्यातून एकदा सर्वांनी आपापल्या वर्गातील अडलेली माणसे घेऊन चर्चेला बसावे. या बैठकांत पूर्वी शिकून गेलेले दोन-तीन प्रौढही असावेत. कारण आपण काय लपविले होते आणि कोणत्या शब्दाने दुखावलो होतो, हे त्यांच्याइतके प्रामाणिकपणे दुसरा कोणी सांगणार नाही.

यासाठी फार द्रव्य लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तपासणीची रीतही बदलावी लागते. वर्ग पाहावयास आलेला अधिकारी पटावर नावे किती, परीक्षेला बसले किती, एवढेच विचारून परतणार असेल, तर शिक्षकाचे सारे लक्ष जे सहज शिकतात त्यांच्याकडेच जाणार. त्याने पटावरची गळालेली नावे एकेक करून विचारावी, ती माणसे का थांबली हे शिक्षकाला सांगता येते की नाही ते पाहावे, आणि जमल्यास त्यांतील एखाद्याच्या घरी स्वतः जाऊन यावे.