गल्लीतल्या पोराला मैदान कधी?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठांमध्ये दुसरा विषय निघत नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, जुना बुधवार या संघांची नावे माणसे आपल्या आडनावाच्या अभिमानाने घेतात. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना असला की तिकीट काढून, उन्हात बसून, घसा बसेपर्यंत ओरडणारे हजारो लोक जमतात. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळावर, तेही गल्लीतल्या संघांवर, इतके प्रेम करणारी शहरे आपल्या देशात फार थोडी आहेत. म्हणूनच एक प्रश्न मनाला लागून राहतो. इतक्या पिढ्यांच्या या प्रेमातून भारताच्या संघापर्यंत किती पोरे पोहोचली?

पहिले नाव ओठांवर येते अनिकेत जाधवचे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा कोल्हापूरचा हा मुलगा भारताच्या आघाडीच्या फळीत होता. पुढे तो इंडियन सुपर लीगमध्येही खेळला. शहराने त्याचे फलक लावले, कौतुक केले, आणि ते रास्तच होते. पण अनिकेत घडला कुठे? लहान वयात तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. रोजचा सराव, वेळेवर जेवण, राहायची सोय, शिकलेला प्रशिक्षक हे सारे त्याला तिथे मिळाले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाजीचे कांस्य आणणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळेही क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला. म्हणजे आपल्या मातीत गुण आहे, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तो गुण हेरून, सांभाळून, वाढवणारी व्यवस्था मात्र या दोघांना घर सोडून शोधावी लागली. फुटबॉलच्या बाबतीत तरी कोल्हापूरला हे शोभत नाही.

इथे संघ चालवणाऱ्या तालमींकडे पैसा नाही असे कुणी म्हणू नये. हंगामासाठी वर्गणी निघते, पेठेतले व्यापारी आणि पुढारी हात सैल सोडतात, चषकांची बक्षिसे मोठी असतात. त्यातला मोठा वाटा बाहेरून खेळाडू आणण्यात जातो. नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतून आलेले खेळाडू आता आपल्या मैदानाला नवे नाहीत, आणि परराज्यातले व्यावसायिक खेळाडूही येतात. यात त्या खेळाडूंचा काडीचाही दोष नाही. घरापासून हजारो मैल दूर येऊन, परक्या भाषेत, परक्या अन्नावर दिवस काढून तो माणूस पोटासाठी खेळतो आणि बहुतेक वेळा जीव तोडून खेळतो. गॅलरीतून त्याच्या रंगावरून कुणी बोलत असेल तर ती आपल्या शहराची बदनामी आहे. प्रश्न आणणाऱ्यांना विचारायचा आहे. हा पाहुणा निघून गेल्यावर तालमीत मागे काय राहते? कपाटात एक चषक राहतो. आणि त्याच तालमीच्या दारात वाढलेला सतरा वर्षांचा पोरगा सगळा हंगाम राखीव बाकावर बसून काढतो, पुढच्या वर्षी कामधंद्याला लागतो आणि चेंडू सुटतो.

बाहेरच्याला आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. कोल्हापूरने बाहेरचे मल्ल शतकभरापूर्वीच आणले. राजर्षी शाहू महाराजांनी उत्तरेकडच्या आणि पंजाबच्या पैलवानांना आश्रय दिला, खासबाग मैदान उभे केले. पण ते पैलवान केवळ कुस्ती मारून इनाम घेऊन गेले नाहीत. त्यांच्याशी जोर करून इथली पोरे तयार झाली, त्यांचे डाव इथल्या तालमींत मुरले. त्या परंपरेतून पुढे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले आणि पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकरांनी तो मान मिळवला. खंचनाळे मूळचे सीमेपलीकडच्या एकसंब्याचे, आंदळकर शिराळ्याकडच्या पुनवतचे. दोघेही शहरात जन्मलेले नव्हते. तालमीने त्यांना जागा दिली, वस्तादाने पहाटे उठवले, खुराकाची काळजी वाहिली, म्हणून ते कोल्हापूरचे झाले. आंदळकर तर पुढे स्वतःच मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या. ‘स्थानिक’ कुणाला म्हणायचे याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही: ज्याला आपण वाढवले, तो आपला.

त्याच तालमींनी नंतर फुटबॉलचे संघ काढले. आखाड्याशेजारी चेंडू आला, पेठेची ईर्ष्या आली, झेंडा आला. वस्ताद मात्र मागे राहिला. आठ-दहा वर्षांच्या पोराचा पाय कसा पडतो, तो मान वर करून खेळतो का, हरल्यावर काय करतो, हे रोज पाहणारा माणूस फार थोड्या संघांकडे आहे. जे आहेत ते पदरमोड करून, नोकरी सांभाळून, पहाटे मैदानावर उभे राहतात. या शहराचा फुटबॉल खऱ्या अर्थाने त्यांनी जिवंत ठेवला आहे आणि सत्काराच्या यादीत त्यांचे नाव शेवटी येते.

यावर एक उत्तर नेहमी मिळते, की गुणी असेल तो वर येतोच. हे उत्तर इतर कुठल्याही गावाने द्यावे, शाहू महाराजांच्या गावाने देऊ नये. गुण आपोआप वर येत असता तर १९०२ साली महाराजांना नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवाव्या लागल्या नसत्या. बोर्डिंगे काढावी लागली नसती. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड ठोठावावा लागला नसता. संधी मुद्दाम, नियम करून, पैसा खर्चून निर्माण करावी लागते, हे त्यांना कळले होते.

खेळात तर हे आणखी ठळक दिसते. वयोगटाची निवड जानेवारीपासून मोजली जाते. म्हणून जानेवारीत जन्मलेला बारा वर्षांचा मुलगा आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला बारा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. पहिला जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून उंच, म्हणून वेगवान. निवडणारा त्याला घेतो. त्याला चांगला सराव मिळतो, दुसरा घरी जातो. जगभरच्या वयोगट संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त सापडतात, हे अभ्यासकांनी अनेक देशांत दाखवून दिले आहे. आज लहानखुरा दिसणारा मुलगा अठराव्या वर्षी कुठे असेल ते ओळखायला पाच-सहा वर्षे त्याच्यासोबत राहणारा माणूस लागतो. चषकाच्या आदल्या आठवड्यात ते होत नाही.

मुलांना असे वर्षानुवर्षे सांभाळणे ठरवून कसे करता येते, याचे एक उदाहरण दूरचे आहे. ऑस्ट्रेलियात तिथला स्वतःचा फुटबॉल खेळतात. चेंडू लांबट, मैदान अंडाकृती, हातपाय दोन्ही चालतात. मेलबर्न हे त्याचे माहेर. १९८२ साली साउथ मेलबर्न हा जुना क्लब सिडनीला हलवण्यात आला आणि त्याचा ‘सिडनी स्वान्स’ झाला. सिडनी हे रग्बीचे शहर, तिथल्या पोरांना हा खेळ परका. साहजिकच संघ अनेक वर्षे बहुतांशी बाहेरून आणलेल्या खेळाडूंवर चालला. त्याने विजेतेपदही मिळवले. पण शहरातल्या मुलाला आपण या संघात खेळू असे वाटेना, हे क्लबला जाणवले. २०१० साली त्यांनी स्वतःची अकादमी काढली. आसपासच्या भागांतली लहान मुले, ज्यांच्या घरात हा खेळ कुणी खेळला नव्हता, तिथे वर्षानुवर्षे शिकली. न्यूकॅसलकडचा आयझॅक हीनी त्यातूनच आला. लीगच्या २०१४ च्या खेळाडू-निवडीत तो संघात गेला आणि आज त्या संघाचा आधार आहे. त्याच्यामागून एरल गुल्डनसारखे मुलगे आले.

यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट नियमाची आहे. तिथे नवे खेळाडू लीगच्या वार्षिक निवडीतून संघांना वाटले जातात. पण अकादमीने वाढवलेल्या मुलावर दुसऱ्या संघाने बोली लावली, तर वाढवणाऱ्या क्लबला ती बोली पुरी करून त्याला आपल्याकडे ठेवता येते. थोडक्यात, लीगने ठरवून दिले की जो कष्ट घेईल त्याचे कष्ट वाया जाणार नाहीत. आपल्याकडे नेमके याच ठिकाणी दुखते. एखाद्या छोट्या तालमीने पोराला दहाव्या वर्षापासून सांभाळावे, बूट द्यावेत, आणि अठराव्या वर्षी मोठ्या संघाने चार पैसे जास्त देऊन त्याला उचलावे. मुलगा गेला तर त्याला दोष देता येत नाही, त्याच्या घरी चूल पेटायची असते. पण त्या छोट्या तालमीच्या हाती काय लागले? पुढच्या वेळी ती दुसऱ्या पोरासाठी कशाला झटेल?

जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या नियमांत याचे उत्तर आहे. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा बारा ते एकवीस या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांना भरपाई द्यावी लागते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने हे तत्त्व आपल्या लीगपुरते, आपल्या ऐपतीच्या प्रमाणात, लागू करावे. घेणाऱ्या तालमीने घडवणाऱ्या तालमीला ठरावीक रक्कम द्यायची, आणि तीही असोसिएशनच्या हातून, म्हणजे वाद नको. दुसरा नियम मैदानावरच्या अकरा जणांविषयीचा. कोलकात्याच्या लीगने अलीकडे परदेशी खेळाडू बंद करून बंगालच्या मुलांची किमान संख्या मैदानावर सक्तीची केली. आपल्याला तितके टोक गाठायची गरज नाही. प्रत्येक सामन्यात एकोणीस वर्षांखालचे, जिल्ह्यात सराव केलेले किमान तीन खेळाडू पहिल्या शिट्टीपासून मैदानात हवेत, एवढे ठरले तरी सगळ्या तालमींना पोरे शोधायला एकदम बाहेर पडावे लागेल.

मग हरलो तर, असे समर्थक विचारतील. त्यांची भीती खरी आहे, पण नियम सर्वांना सारखा असेल तर कुणी एकटा हरत नाही. स्पेनमधल्या बिल्बाओ शहराचा अ‍ॅथलेटिक क्लब शंभरहून अधिक वर्षे फक्त बास्क प्रदेशातले किंवा तिथे घडलेले खेळाडू खेळवतो. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्याखेरीज स्पॅनिश लीगच्या पहिल्या श्रेणीतून कधीही खाली न गेलेला तो एकमेव क्लब. २०२४ साली त्याने चाळीस वर्षांनंतर स्पेनचा राजचषक जिंकला. त्या चाळीस वर्षांत तिथल्या लोकांनी आपले धोरण सोडले नाही, स्टेडियम रिकामे ठेवले नाही. आणि त्या संघाचा लाडका इन्याकी विल्यम्स घानातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा आहे, बिल्बाओत जन्मलेला, क्लबने घडवलेला. रक्त कुणी विचारत नाही. आपल्या पेठांनीही भावकी, गट आणि गल्ली पाहून संघ निवडायची सवय सोडली पाहिजे. फुलेवाडी, कसबा बावडा, पन्हाळा, शाहूवाडी, गडहिंग्लज इथली पोरे कोणत्या पेठेची, हा प्रश्न तालमीच्या दारात विचारला जाऊ नये.

एक जुने दुखणे बोलून टाकले पाहिजे. खोट्या जन्मदाखल्यावर मोठ्या मुलाला लहान गटात खेळवणे. त्यात शाळा, पालक, प्रशिक्षक सारेच कधी ना कधी डोळेझाक करतात. एका चषकासाठी केलेल्या या लबाडीने खऱ्या वयाच्या मुलाची जागा जाते, आणि ज्याच्यासाठी लबाडी केली तोही पुढे मनगटाच्या हाडाच्या तपासणीत अडकून बाद होतो. या गोष्टीला कुठलेही समर्थन नाही. ती करणाऱ्या संघाला त्या वयोगटातून बाहेर काढावे.

खर्चाचेही बोलू. बाहेरच्या एका खेळाडूच्या मानधनात, राहण्या-जेवणात जे जाते, त्यात तालमीतल्याच दोन तरुण माजी खेळाडूंना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षक परवान्यासाठी पाठवता येईल आणि वर्षभर महिन्याचे मानधन देता येईल. चाळीस-पन्नास लहान मुले रोज संध्याकाळी त्यांच्या हाताखाली येतील. पोरांना मोठ्या मैदानावर अकरा-अकराचे सामने खेळवू नयेत. छोट्या मैदानावर पाच-पाच, सात-सात जणांचे खेळ ठेवावेत, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागेल. सोबत शाळेचे प्रगतिपुस्तकही तालमीने पाहावे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण तिथे पेठेतल्या चषकाचे प्रमाणपत्र चालत नाही, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेचे लागते, आणि शिक्षणाची अटही असते. दहावीत शाळा सोडलेल्या उत्तम खेळाडूला आपण टाळ्या दिल्या आणि भाकरी दिली नाही, असे कित्येकदा घडते.

आणि मुली. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये नेमबाजीचे विश्वविजेतेपद आणले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. दोघी याच शहराच्या. शाळांच्या मैदानांवर आज फुटबॉल खेळणाऱ्या मुली दिसतात, पण शाळा संपली की त्यांच्यासाठी तालमीचे दार उघडे नसते. ज्या तालमीला सकाळी मुलांचा सराव घेता येतो, तिला त्याच मैदानावर संध्याकाळी मुलींचा घेता येईल. त्यासाठी कपडे बदलायची खोली, एक महिला प्रशिक्षक आणि घरच्यांशी बोलायला जाणारी दोन ज्येष्ठ माणसे लागतात. पुढच्या हंगामाची वर्गणी गोळा करायला कार्यकर्ते दारोदार फिरतील, तेव्हा पेठेतल्या प्रत्येक घराने त्यांना पावती फाडण्याआधी विचारावे: यंदा बारा वर्षांखालची किती मुले आणि किती मुली तुमच्याकडे सरावाला येतात, त्यांना कोण शिकवते, आणि या पैशातले किती त्यांच्यावर खर्च होणार?