कागदाची साक्ष

रुग्णालयाच्या दप्तरांत सांठलेले जुने केसपेपर संशोधक उघडतो आणि त्यांवरून एखाद्या रोगाविषयीं सिद्धांत मांडतो. उद्यांच्या रोग्यांचे उपचार पुष्कळदां या सिद्धांतावरून ठरतात. म्हणून येथें हजर नसलेल्या माणसाच्या वतीनें कागद जी साक्ष देतो, ती कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून नीतीचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

संशोधकाची पहिली खबरदारी अशी कीं, तेच कागद दोघांनीं स्वतंत्रपणें वाचावे व निष्कर्ष ताडून पाहावे. परंतु येथेंहि हिशेब जपून करावा लागतो. शंभर रोग्यांपैकीं दहांसच अमुक लक्षण होतें असें दोघांनींहि ठरविलें, तर कागद न वाचतां खुणा केल्या असत्या तरीहि सुमारें ८२ ठिकाणीं त्यांचें एकमत झालें असतें. म्हणून जेकब कोहेन यांनीं १९६० सालीं यदृच्छेचा वांटा वजा करून मतैक्य मोजण्याची रीत घालून दिली. तथापि हा वांटा वजा केल्यावर जें उरतें, तें विश्वसनीय एकमत असतें. तें यथार्थ असेलच असें नाहीं. एकच आदर्श उत्तर पुढें ठेवून पेपर तपासणारे दोन परीक्षक सारखेच गुण देतात, हें आम्हीं अनेक वर्षें पाहिलें आहे. तेवढ्यानें विद्यार्थ्यास विषय समजला होता असें सिद्ध होत नाहीं.

या भेदाचें मोठें उदाहरण व्हिएन्नाच्या रुग्णालयांत घडलें. तेथील दोन प्रसूतिविभागांचीं दप्तरें इग्नाझ सेमेलवाइस यांनीं ताडून पाहिलीं. १८४६ सालीं वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या विभागांत शेंकडा ११.४ बाळंतिणी मेल्या होत्या, सुइणींच्या विभागांत २.८. शवविच्छेदन करून आलेल्या हातांवर त्यांचा संशय गेला. १८४७ च्या मे महिन्यांत त्यांनीं क्लोरिनच्या द्रावणानें हात धुण्याचा नियम केला, आणि जूनमध्यें २६८ बाळंतिणींपैकीं ६ च दगावल्या. हें यश दप्तराचेंच होय. पण त्यांनींच १८६१ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे कीं, पहिल्या विभागांतील आजारी स्त्रिया कधीं कधीं सामान्य रुग्णालयांत हलविल्या जात आणि त्यांचे मृत्यु तिकडेच जमा होत. ते तक्ते दहा जणांनीं वाचले असते, तर दहांचेंहि एकमत झालें असतें. आणि त्या स्त्रिया दहांच्याहि हिशेबांतून सुटल्या असत्या.

आमच्याकडील भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें प्रमाण मानलें, पण अट घालून: जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. केसपेपरावर मद्यपानाचा उल्लेख नाहीं, म्हणून रोगी पीत नव्हता काय? दारांत रांग लागलेली असतां डॉक्टरानें विचारलेंच नसेल. रिकाम्या जागीं ‘नाहीं’ लिहिणें म्हणजे रोग्याच्या तोंडीं त्यानें न दिलेली साक्ष घालणें होय.

कोणी म्हणेल, इतका संशय धरल्यास संशोधनच थांबेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. सेमेलवाइस यांनीं तक्ते फेंकून दिले नाहींत. तक्त्याबाहेर गेलेल्यांचाहि त्यांनीं शोध ठेवला. आजच्या संशोधकानें व्याख्या आधीं ठरवाव्या, वाचणारास अपेक्षित निष्कर्ष कळूं देऊं नये, कांहीं नोंदी दुसऱ्या दप्तराशीं पडताळाव्या. आणि ‘आहे’ व ‘नाहीं’ या दोन रकान्यांशेजारीं ‘विचारल्याची नोंद नाहीं’ असा तिसरा रकाना ठेवून त्यांतील आंकडाहि छापावा. त्यानें निष्कर्ष थोडा दुबळा दिसेल. पण उद्यांच्या रोग्यास तो फसविणार नाहीं.