नुरा

फुईच्या, म्हणजे आत्याच्या, अंगात आलं तेव्हा माझा पुतण्या माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काका, हे पण नुरा आहे का?"

अकरा वर्षांचं पोर. साल २०११, धुळ्यातलं आमचं घर, नागपंचमीनंतरचा रविवार, म्हणजे आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची रात्र. मी त्याच्या पाठीत चापट मारून त्याला गप्प बसवलं. घरात कोणी ऐकलं नाही, डफडं वाजत होतं.

नुरा हा शब्द त्याला मीच शिकवला होता. त्याच वर्षी चैत्रात पांझरेकाठच्या एका गावच्या यात्रेत आम्ही दोघं कुस्त्या बघायला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे माझे व्याही राहतात. नदीच्या कोरड्या पात्रात ट्रॅक्टरनं माती आणून टाकलेली, तिच्यावर पाणी मारलेलं, भोवती माणसांचं कडं. माइकवर एक मास्तर देणगीदारांची नावं वाचत होते. आधी पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या झाल्या. जिंकला त्याला मूठभर रेवड्या, हरला त्यालाही त्यातल्या दोन. मग नारळाच्या, मग एक्कावन्न रुपयांच्या, असं करत आकडा चढत गेला. पुतण्या ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. मानाच्या कुस्तीआधी त्याला तहान लागली म्हणून आम्ही उसाच्या रसाच्या गाडीवर गेलो. गाडीमागे ते दोन्ही पहेलवान एकमेकांना टेकून रस पीत उभे होते. एक दुसऱ्याला सांगत होता, "वीस मिनिटं ओढू, मग पंच सोडवतील. डाव्या खांद्याला हात घालू नको, दुखतो."

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "याला नुरा म्हणतात."

कुस्ती लागली. खडाखडी झाली, एकानं पट काढला, दुसऱ्यानं सोडवला. दिसायला उत्तम कुस्ती होती, डाव्या खांद्याला खरंच कोणी हात लावला नाही. पण पोराच्या तोंडून आवाज फुटेना. दहाव्या मिनिटाला कड्यातला एक म्हातारा ओरडला, "नुरा शे रे, नुरा!" मग शिट्ट्या सुरू झाल्या. पंचांनी दोघांचे हात वर करायच्या आतच लोक ढुंगणाची माती झटकून उठले होते.

सगळीच कुस्ती अशी असते असं मी म्हणत नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली. ती काय रस पिऊन ठरवली होती? पण माझा प्रश्न खऱ्या कुस्तीचा नाही. खोटी आहे हे कळल्यावर बघणाऱ्याचं काय होतं, हा आहे.

मी मूळचा अमळनेरचा. प्रताप कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो आणि धुळ्याला येऊन जिनिंगमध्ये मुनीम म्हणून रुईच्या गाठी मोजल्या. अमळनेरात प्रतापशेठांची कापडगिरणी होती, आणि त्याच शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलेलं. गिरणीचा भोंगा आणि शंकराचार्य एकाच खात्यावर, असं माझे वडील म्हणत. ते त्या गिरणीत कामाला होते. कलकत्त्याचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य त्या मंदिरात येऊन राहिले, साने गुरुजीही आधी तिथेच शिकायला आले आणि मग गावच्या शाळेत मास्तर झाले. आमच्या काळी मंदिराची ती गजबज राहिली नव्हती. पण तिथे उठबस असलेल्या एका सरांनी वर्गात भ्रमाचे दोन प्रकार सांगितले होते, ते माझ्या डोक्यात कायमचे राहिले.

एक दोरीवरचा साप. दिवा आणला, दोरी दिसली, साप गेला. आता कितीही प्रयत्न करा, तो परत दिसणार नाही. दुसरा स्फटिकाचा. स्फटिकाशेजारी जास्वंद ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. तो पांढरा आहे, लाली फुलाची आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. तरी तो लालच दिसतो, कारण फूल शेजारीच आहे. पहिल्याला निरुपाधिक भ्रम म्हणतात, दुसऱ्याला सोपाधिक. ज्ञानानं पहिला मरतो, दुसरा मरत नाही. परीक्षेत यावर मला दहापैकी चार मार्क पडले होते.

यात्रेतली नुरा म्हणजे दोरीवरचा साप. म्हाताऱ्यानं दिवा दाखवला आणि मैदान रिकामं झालं.

त्याच वर्षी, २०११ च्या डिसेंबरात, पुतण्याला घेऊन पुण्याला गेलो. 'रिंग का किंग' नावाच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण बालेवाडीला चाललं होतं. तो जानेवारी २०१२ पासून टीव्हीवर दिसला. अमेरिकन मल्ल, आपले पंजाबी मल्ल, दिवे, धूर. मी नाक मुरडूनच बसलो होतो. इथे लपवाछपवी कसली? ही मंडळी जिंकायचं-हरायचं आधी ठरवतात हे पोराटोरांना ठाऊक. फेब्रुवारी १९८९ मध्ये या धंद्यातल्या अमेरिकेच्या सगळ्यात बड्या कंपनीनं न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे स्वतःच सांगितलं की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. हेतू काही पारमार्थिक नव्हता, सरकारी तपासणी आणि कर चुकवायचा होता. दिवा खुद्द सापानंच आणला म्हणा ना. धंदा बसायला हवा होता. उलट वाढला.

आम्ही रिंगपासून फार लांब नव्हतो. एका धिप्पाड गड्यानं दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून त्याच्या उघड्या छातीवर पंजा हाणला. फाडकन आवाज झाला. हात निघाला तेव्हा छातीवर पाचही बोटं उठली होती, आणि बघता बघता ती लाल झाली. कोण जिंकणार ते ठरलेलं होतं, पण बोटं ठरलेली नव्हती. खाली पडले की फळ्या दणाणत. गादी अशी पातळ की पाठीला काय लागत असेल ते आम्हाला बसल्या जागी कळत होतं. आमच्या मागच्या पोरांनी एकदा "खोटं आहे, खोटं आहे" असा गलका केला. लोक हसले, रिंगमधला दुष्ट मल्ल त्यांच्याकडे बघून गुरकावला, आणि तीच पोरं पुढच्या क्षणी उभी राहून चांगल्याच्या नावानं ओरडायला लागली. पुतण्याही. आणि सांगायला लाज वाटते, पण मीही.

तिथे मला वडील आठवले. त्यांच्या पिढीचा देव दारासिंग. २९ मे १९६८ ला मुंबईत त्यानं लू थेझला हरवलं, ते वडील आम्हाला स्वतः बघून आल्यासारखं सांगत. त्या कुस्त्यांत किती खरं, किती ठरलेलं, यावर गिरणीत वाद होत. पुढे १९८७ मध्ये तोच दारासिंग 'रामायण'मध्ये हनुमान झाला. वडील रविवारी आंघोळ करून टीव्हीला हळदकुंकू वाहत. मी म्हटलं, "आबा, हा दारासिंग आहे." ते म्हणाले, "मले माहीत शे." आणि वाहिलं. त्यांचा स्फटिक लाल दिसत होता आणि फुलाचं नावही त्यांना पाठ होतं.

कानबाईचंही तेच. आमच्याकडे ती म्हणजे एक नारळ. वर्षभर आईच्या कोठीत डब्यात असतो. त्या रविवारी त्याला डोळे बसतात, नथ येते, शालू येतो. चौरंगावर तिला बसवलं की तिच्याकडे पाठ करून कोणी बसत नाही. रोट मोजून करायचे, दुधाबरोबर खायचे, भाऊबंदकीबाहेर द्यायचे नाहीत. सोमवारी नदीवर नेतात, आणि तिथे आई दरवर्षी रडायची, पोरगी सासरी चालल्यासारखी. मग तोच नारळ पाण्यात बुडवून घरी आणायची, पुसायची आणि डब्यात ठेवायची. नारळ आहे हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

एवढं सगळं ठीक जमतं. अडतं ते फुईपाशी. फुई म्हणजे माझी धाकटी बहीण. वर्षभर शब्द न बोलणारी बाई. त्या रात्री केस मोकळे सोडून घुमली आणि भावांना म्हणाली, दोन वर्षं झाली, माले कोनी इचारत नही. आम्ही तिघं भाऊ तिच्या पाया पडलो. पुढच्या दिवाळीला लुगडं गेलं, आणि आजवर चुकलेलं नाही. ती देवी बोलली की बहीण? मी एकदा तिलाच विचारलं. म्हणाली, "माले काय माहीत भो, तू बी.ए. व्हयेल शे ना, तूच सांग."

मला सांगता येत नाही. पैसे घेऊन घुमणारे भगत मी पाहिले आहेत. त्यांची नुराच, त्यात शंका नाही. त्यांचं गाडीमागे आधी ठरलेलं असतं. बहिणीचं गाडीमागे काही ठरलेलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. पण मग पुतण्याच्या पाठीत चापट का मारली? बालेवाडीत "खोटं आहे" म्हणणाऱ्या पोरांना कोणी हात लावला नाही. स्फटिकाला दिव्याची भीती नसते. त्या रात्री मी भ्यालो, म्हणजे आतून मलाच तो साप वाटत होता, आणि दिवा आलेला मला नको होता. आई असती तर तिनं पोराला मारलं नसतं. नारळ हातात देऊन म्हणाली असती, बघ, नारळच आहे. नमस्कार कर.

पुतण्या आता पुण्यात नोकरी करतो. कानबाईला न चुकता येतो. तो प्रश्न त्यानं परत विचारला नाही.

यंदा त्याच गावच्या यात्रा कमिटीची पोरं वर्गणी मागायला व्याह्यांबरोबर घरी आली. मी पाचशे एक रुपये दिले. मानाच्या कुस्तीला नाही, रेवडीच्या कुस्त्यांना. जुन्या मुनिमाची खोड, पावतीवर तसं लिहून घेतलं.