दात्याचे धन आणि घेणाऱ्याचे मौन

अन्यायाने मिळविलेले द्रव्य दानाने शुद्ध होते काय, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु १९०५ साली अमेरिकेत तो ज्या स्वरूपात उभा राहिला, ते आम्हांस विशेष विचारार्ह वाटते. जॉन रॉकफेलर यांनी तेथील एका परदेशी मिशन मंडळास एक लाख डॉलर दिले. (मुंबई व अहमदनगर येथे ज्याची मराठी मिशन होती, तेच हे मंडळ.) ओहायोतील धर्मोपदेशक वॉशिंग्टन ग्लॅडन यांनी हरकत घेतली. हा पैसा डागाळलेला आहे, असे त्यांचे म्हणणे.

डाग कसला, हे पाहणे अवश्य आहे. रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी १८७० साली क्लीव्हलँड येथे स्थापन झाली. भरपूर माल देण्याच्या बळावर ती रेल्वेकडून भाड्यात गुप्त सूट घेई. १८७२ सालच्या एका कटात तर प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातूनही तिला हिस्सा मिळावयाचा होता! लोकक्षोभाने तो बेत फसला. पण तोवर त्या नगरातील बहुतेक तेलशुद्धीचे कारखाने भीतीच्या छायेत विकले जाऊन तिच्या हाती आले होते. पुढे देशातील सुमारे नऊ-दशांश तेलशुद्धी तिच्या ताब्यात गेली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्याच काळात दिव्याचे तेल स्वस्त झाले. रॉकफेलर स्वतः निर्व्यसनी, तरुणपणच्या तुटपुंज्या पगारातूनही दानधर्म करणारे. म्हणूनच प्रश्न कठीण होतो. उघड दुष्टाविषयी निर्णय देण्यास पांडित्य लागत नाही.

प्रत्येक दात्याच्या चोपड्या कोणी तपासाव्या, असे मंडळाच्या बाजूने म्हणता येईल. आम्हांस ते अर्धेच पटते. नाणे निर्जीव खरे. परंतु प्रतिग्रह हा दोन जिवंत माणसांमधील व्यवहार आहे. ज्याच्या पैशावर आपले कार्य चालते, त्याच्या व्यापाराविषयी आपण निर्भयपणे बोलू काय, ही ग्लॅडन यांची खरी शंका होती.

पुढे उघडकीस आले की, देणगी आपणहून आलेली नव्हती. मंडळानेच ती मागितली होती. आम्हांस सर्वांत अधिक खटकते ते हेच. आलेले दान स्वीकारणे निराळे, आणि दात्याचा व्यवहार ठाऊक असता त्याच्या दारी जाणे निराळे. आयडा टारबेल यांचा कंपनीवरील ग्रंथ १९०४ सालीच प्रसिद्ध झाला होता. अज्ञानाची सबब उरली नव्हती.

मंडळाने पैसे ठेवून घेतले. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कंपनीचे ३४ तुकडे झाले. त्या तुकड्यांतील भाग रॉकफेलर यांच्याकडेच राहिल्याने त्यांची संपत्ती उलट वाढली, आणि १९१३ साली त्यांनी दानधर्मासाठी मोठे प्रतिष्ठान स्थापन केले.