अनामिक दात्याचें ऋण

दिल्याघेतल्याचें ऋण मानावें, हें आपल्याकडे पोरासोरांसहि ठाऊक असतें. पण देणारा बहुधा हयात नाहीं, त्याचें नांव घेणाऱ्यास माहीत नाहीं, आणि दिलेली वस्तु मात्र अजून वाढतच आहे, अशा वेळीं तें ऋण फेडावें कसें? हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नव्हे. कर्करोगाच्या प्रयोगशाळेंत तो रोज उभा असतो.

मेलॅनोमा म्हणजे त्वचेस रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. मूळ गाठ वेळींच काढली तर रोगी बहुधा वांचतो. घात करतो तो रोगाचा फैलाव. गाठींतून सुटलेल्या पेशी रक्तांतून अथवा लसवाहिन्यांतून फुप्फुसांत, यकृतांत, मेंदूंत जाऊन बिऱ्हाड थाटतात. हा प्रवास समजावा म्हणून रोग्याच्या पेशी पात्रांत वाढवितात व उंदरांच्या अंगांत घालून त्यांचा माग काढतात. देह जातो, पेशींचा वंश दशकानुदशकें चालतो.

'एमडीए-एमबी-४३५' हा असाच एक वंश. १९७६ सालीं स्तनाचा कर्करोग झालेल्या एका एकतीस वर्षांच्या स्त्रीपासून तो घेतला, अशी नोंद होती. उंदरांत तो चांगला पसरे, म्हणून स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव अभ्यासणाऱ्यांस तो फार सोयीचा वाटला. २००० सालीं त्याच्या जनुकांचें वर्तन मेलॅनोमासारखें दिसलें. पुढें तो व 'एम१४' हा एका पुरुषाच्या मेलॅनोमाचा वंश एकच आहेत, असें ठरलें. त्यावर कित्येकांनीं शंका काढली, कीं या पेशींत पुरुषाचें वाय गुणसूत्र नाहीं. तेव्हां 'एम१४' हाच त्या स्त्रीचा नसेल कशावरून? अखेर त्या पुरुषाचें जपून ठेवलेलें सीरम व त्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी यांच्याशीं ताडून २०१८ सालीं निवाडा झाला: चिठ्ठी एकीची, पेशी दुसऱ्याच्या.

कोणी म्हणेल, कर्करोगाच्या पेशी कशा पसरतात हें तर कळलें ना? थोडेंबहुत कळलें, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगाविषयीं म्हणून जें लिहिलें गेलें, त्यावर विसंबणारे दुसरे संशोधक होते, आणि त्यांच्यामागें आशेनें बसलेले रोगी होते. यांत लबाडी कोणाची नव्हती. होती ती बेफिकिरी. आपल्या हातांतील पेशी कोणाच्या, हें ज्याचें त्यानें तपासावयाचें होतें. पुष्कळांनीं पात्रावरील अक्षरांवर विश्वास टाकला.

दात्याचें नांव जगास सांगूं नये, हें योग्यच. रोग्याची लाज राखणें हा वैद्याचा जुना धर्म आहे. परंतु नांव झांकणें वेगळें आणि ओळख हरविणें वेगळें. त्या पुरुषाचे उपकार इतकीं वर्षें एका अनोळखी स्त्रीच्या खात्यावर मांडले गेले. आणि तिनें खरोखर जें दिलें, तें कोणाच्याच उपयोगीं पडलें नाहीं. अशा दात्यास परत कांहींच देतां येत नाहीं. तेव्हां त्याच्याविषयीं खरें तेंच लिहिणें, आणि तें खरें आहे ना हें प्रयोगापूर्वीं पाहणें, एवढेंच घेणाऱ्याच्या हातीं उरतें. तेंहि त्यानें चुकविलें, तर तें ऋण बुडविणेंच होय, असें आम्हांस वाटतें.